स्वभावाचा दाखला

दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची हे ठरवण्याआधी शाळेने सगळ्या मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यावी की नाही, यावर मध्यंतरी आमच्या फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत पालकसभा झाली. उच्च माध्यमिकात बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले म्हणून मलाही बोलावले होते. दोन तास वाद झाला आणि मी अस्वस्थ होऊन घरी आले. एका बाजूचे म्हणणे, हे शास्त्र आहे, आईबापाला कळत नाही ते चाचणीला कळते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, माणसाचे मन काय कोणाला मोजता येते, ही सगळी पैसे काढायची सोंगे. मध्येच एका आईने मुलीचा अहवाल काढून वाचून दाखवला. बाहेर कुठेतरी पैसे भरून तो करून घेतला होता. 'अंतर्मुख प्रकार. नेतृत्वगुण कमी. लोकांशी सतत संबंध येणारी क्षेत्रे टाळावीत.' मुलगी शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण दोन्ही बाजूंना त्या कागदात आपापल्या मुद्द्याचा पुरावा सापडला होता.

माझे मत आधीच सांगते. स्वभाव मोजता येतो, आणि शंभर वर्षांच्या चिकाटीच्या कामातून ते मोजमाप बऱ्यापैकी पक्के झाले आहे. पण त्या मोजमापाची जी ताकद आहे, ती पंधरा वर्षांच्या एका मुलीचा रस्ता ठरवण्याइतकी नाही. आणि 'तू अमुक प्रकारची' हा शिक्का तर त्या मोजमापातून निघतच नाही; तो बाहेरून आणून चिकटवलेला असतो. सभेत दोन्ही बाजू शिक्क्याबद्दल भांडत होत्या आणि दोघांनाही वाटत होते की आपण विज्ञानाबद्दल बोलतो आहोत.

मोजमाप झाले कसे, हे आधी पाहू. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने मन खचणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी 116 'होय-नाही' प्रश्नांचा एक तक्ता तयार केला. तो पुरा होईपर्यंत युद्ध संपले, पण कागदावरच्या प्रश्नांनी स्वभाव तपासण्याची चाल तिथून पडली. दुसरा धागा भाषेचा. ज्या गुणाशी माणसांचा रोज संबंध येतो, त्याला भाषेत शब्द असणारच, या विचाराने गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे 17,953 शब्द गोळा केले. त्यांतले साधारण साडेचार हजार टिकाऊ स्वभावगुण सांगणारे होते. पुढच्या संशोधकांनी हजारो माणसांना स्वतःला आणि एकमेकांना या शब्दांवर गुण द्यायला लावले आणि कुठले शब्द एकत्र वर-खाली होतात ते गणिताने पाहिले. रेमंड कॅटेल यांना 16 घटक सापडले. 1961 मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि ख्रिस्टल यांना पाच. तेच पाच पुढे अनेकांना पुन्हा पुन्हा सापडले: बहिर्मुखता, सौजन्य, नेटकेपणाने काम तडीस नेण्याची वृत्ती, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा.

यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोणी तत्त्वज्ञाने बसून 'माणसांचे पाच प्रकार' सांगितलेले नाहीत. या पाच पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे ना कुठे असतो. बहुतेक माणसे मधोमध असतात. आता त्या मुलीच्या अहवालातला 'अंतर्मुख प्रकार' घ्या. मांडवीच्या पुलाच्या बरोबर मध्यावर खडूने एक रेघ ओढा. अलीकडे एक पाऊल उभा तो तिसवाडीचा, पलीकडे एक पाऊल उभा तो बार्देशचा. मग जाहीर करा की हे दोघे अगदी वेगळ्या स्वभावाचे, आणि बार्देशातला हा माणूस पार पर्वरीच्या चढावर पोचलेल्या माणसासारखाच. सोळा प्रकारांच्या जगप्रसिद्ध चाचणीत हेच होते. कार्ल युंग यांच्या 1921 च्या ग्रंथावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती रचली. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण दोघींचेही नव्हते. त्याने काही बिघडले नसते, चाचणी नीट उतरली असती तर. पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा 'प्रकार' बदलतो. स्वभाव बदललेला नसतो. माणूस खडूच्या रेघेजवळ उभा होता, एवढेच.

मग असले अहवाल इतके पटतात का? त्या आईने सभेत सांगितले, 'अगदी माझ्या मुलीचे वर्णन आहे हो!' ती खोटे बोलत नव्हती. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी प्राध्यापकांनी 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा 'स्वतंत्र' अहवाल दिला. तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, कधी तुम्ही मिसळणारे असता तर कधी आत आत राहणारे, असल्या वाक्यांचा. तो कितपत जुळतो याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातला बराच मजकूर रस्त्यावर विकत मिळणाऱ्या राशीभविष्याच्या पुस्तकातला होता.

गोव्याच्या माणसाला हे अमेरिकेहून शिकायची खरे तर गरज नव्हती. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. शेकडो वेळा आपण त्याच्यासमोरून गेलो असू. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेला हा धर्मगुरू पॅरिसला गेला तेव्हा तिथे मेस्मर या वैद्याचे पंथीय सांगत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि समोरच्याला झोपवतो. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए होते, लोकांचे डोळे बांधून प्रयोग केले आणि असा द्रव नसल्याचा निर्वाळा दिला. परिणाम होतो तो कल्पनेचा, असे म्हणून समिती थांबली. फारिया पुढे गेले. ती कल्पनाच अभ्यासायची गोष्ट आहे, झोप लागते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनाच्या तयारीने, माझ्या हातात काही शक्ती नाही, हे त्यांनी लोकांसमोर प्रयोग करून दाखवले आणि 1819 मध्ये, मृत्यूच्या वर्षी, ग्रंथात मांडले. अहवाल वाचताना 'ही मीच' असे वाटते, तेव्हा काम कोण करत असते? कागद, की वाचणारीचे मन? त्या मुलीने तो अहवाल किती वेळा वाचला असेल याचा विचार मी अजून करते. आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणारे जे दुकान गावोगाव पोचले आहे, त्याला तर कसलाच शास्त्रीय आधार नाही. त्यावर यापेक्षा जास्त शब्द मी खर्चत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा. माणूस जागेप्रमाणे बदलतो, मग स्वभाव म्हणून काही आहे का? गोव्यात कुठल्याही गावी देवळाच्या उत्सवाला हौशी मराठी नाटक होते. वर्षभर कोणाशी चार शब्द न बोलणारा माणूस त्या रात्री औरंगजेब होऊन मंडप दणाणून सोडतो. हा अंतर्मुख की बहिर्मुख? ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी 1920च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगी लबाडी करण्याची संधी देऊन पाहिले. परीक्षेत लबाडी करणारे मूल खेळात किंवा पैशाच्या बाबतीत करेलच असे आढळले नाही. पुढे 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी सारे संशोधन तपासून लिहिले की चाचणीतला गुण आणि एखाद्या प्रसंगातले प्रत्यक्ष वागणे यांचा सहसंबंध 0.3 च्या फारसा वर जात नाही. (1 म्हणजे तंतोतंत जुळणी, 0 म्हणजे काहीच नाही.) या टीकेने मानसशास्त्राची ही शाखा मुळापासून हादरली होती, हे मी वर्गात कधी लपवले नाही.

पण त्यातून 'स्वभाव नसतोच' हे निघत नाही. वाळपईला मुरगावपेक्षा जास्त पाऊस पडतो हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी जुलैतल्या एखाद्या दुपारी मुरगावात धो धो आणि वाळपईला ऊन असे होतेच. त्या एका दुपारवरून पावसाचा फरक खोटा ठरतो का? सेमूर एपस्टाइन यांनी 1979 मध्ये हेच दाखवले: एका दिवसाच्या वागण्यावरून काही कळत नाही, पण बऱ्याच दिवसांची सरासरी काढली की माणसामाणसांतले फरक ठळक होतात. विल्यम फ्लीसन यांनी 2001 मध्ये लोकांच्या वागण्याची दिवसातून अनेकदा नोंद घेतली. एकच माणूस दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्या तऱ्हांनी वागतो असे दिसले. आणि तरी त्याची सरासरी एका आठवड्याहून दुसऱ्या आठवड्याला फारशी हलत नाही असेही दिसले. उत्सवातला औरंगजेब वर्षातली एक रात्र आहे. उरलेल्या दिवसांची सरासरी त्याच्या बायकोला विचारा, ती बिनचूक सांगेल.

चाचणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक मुद्दा असा आहे की तो मला कधी सहज बाजूला सारता आलेला नाही. चाचणी नको, तर मग काय? शिक्षकाचा अंदाज? ओळखीच्या माणसाचा शब्द? वशिला? स्टाफरूममध्ये आडनाव आणि गाव ऐकून मुलाचा स्वभाव सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही ते केले आहे, आणि ज्या मुलांबद्दल केले त्यांची आठवण मला आज बोचते. पॉल मील यांनी 1954 मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या आकडेमोडीचे अंदाज समोरासमोर ठेवून पाहिले. जवळपास सगळीकडे आकडेमोड तज्ज्ञाच्या बरोबरीची किंवा त्याहून सरस ठरली. पुढची अनेक दशके हा निष्कर्ष टिकला आहे. अनुभवी माणसाच्या नजरेवर आपला जेवढा भरवसा असतो, तेवढी ती नजर लायक नसते.

हे मी पूर्ण मान्य करते. पण मील यांची आकडेमोड कुठून येते? आधी कोणाचे काय झाले याच्या नोंदींतून, आणि ती पुन्हा पुन्हा पडताळली जाते. शाळेत चाचणी विकायला येणाऱ्याला एवढेच विचारा: पाच वर्षांपूर्वी ज्या मुलांना तुम्ही विज्ञान घ्या म्हणालात, त्यांचे पुढे काय झाले, आणि ज्यांनी तुमचे ऐकले नाही त्यांचे काय झाले? ही नोंद नसेल, तर तिथे मील यांच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. तिथे फक्त शिक्षकाच्या अंदाजाच्या जागी एका अनोळखी माणसाचा अंदाज आला, रंगीत आलेखासह.

आणि चाचणी चांगली असली तरी? शाळेच्या यशाशी सगळ्यात जास्त संबंध दिसतो तो नेटकेपणाच्या गुणाचा, आणि तो सहसंबंध साधारण 0.2 आहे. या आकड्याचा अर्थ मुलांत मोजून दाखवते. ज्यांचा नेटकेपणा सरासरीच्या वर आहे अशी 100 मुले घ्या. त्यांतली सुमारे 56 अभ्यासातही सरासरीच्या वर असतील आणि 44 नसतील. नाणे उडवून निवडली असती तरी 50 वर निघाली असती. शंभरात सहा मुलांचा फरक. सगळ्या राज्याचा विचार करताना सहा मुलांचा फरक फार मोठा आहे. धोरण ठरवणाऱ्याने, आरोग्य खात्याने तो जरूर वापरावा. स्वभावगुणांचा आयुर्मान, घटस्फोट आणि नोकरीतले यश यांच्याशी असलेला संबंध घरच्या आर्थिक स्थितीच्या किंवा बुद्धिमत्तेच्या संबंधाच्या तोडीचा आहे, असे 2007 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले आहे. पण शंभरातल्या एका मुलीला समोर बसवून 'तू 56 मधली की 44 मधली' हे सांगायची वेळ आली की तोच आकडा तोकडा पडतो.

त्यात वय. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलवेकियो यांनी 2000 मध्ये दीडशेहून अधिक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. बालपणी मोजलेल्या गुणांचा काही वर्षांनंतरच्या गुणांशी सहसंबंध 0.31, कॉलेजच्या वयात 0.54, पन्नाशीनंतर 0.74. म्हणजे सतरा-अठरापर्यंत स्वभाव अजून घडत असतो, आणि नेमक्या त्याच वयात आपण त्याचा दाखला मागतो. जन्मदाखला आयुष्यभर चालतो. स्वभावाचा दाखला दहावीला काढला तर बारावीला जुना झालेला असतो.

'ही पाश्चात्त्यांची मोजपट्टी' असे एक गृहस्थ सभेत म्हणाले. अर्धे खरे आहे. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या, शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या त्सिमाने लोकांमध्ये हे पाच घटक नीट सापडले नाहीत, असा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यापुरते सांगायचे तर मी वर्षानुवर्षे 'भिडस्त' या शब्दापाशी अडले आहे. भिडस्त माणूस घुमा नसतो. जत्रेत शंभर माणसांशी हसून बोलेल. पण कोणी उसने मागितले की त्याला नाही म्हणवत नाही. मग त्याला कमी बहिर्मुख म्हणायचे, की जास्त सौजन्यशील, की मनातून धास्तावलेला? शिवाय भीड नेहमी कोणाची तरी असते. मामाची भीड, मास्तरांची भीड, भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, भीड. तोच माणूस मासळी बाजारात घासाघीस करताना मुळीच भिडस्त राहत नाही. भाषांतरित प्रश्नावलीत 'मला माझे मत मांडायला संकोच वाटतो' असे वाक्य असते आणि पुढे सहमत-असहमतचे पाच रकाने. कोणापुढे, हे विचारलेलेच नसते. आणि मूल स्वतःला कोणाशी ताडून पाहते हाही प्रश्न आहे. पहाटे तीनला पावाची भट्टी पेटवणाऱ्या पोदेराच्या घरात सहाला उठणारा मुलगा स्वतःला आळशी म्हणवून खूण करेल. दुसऱ्या घरात तोच मुलगा उद्योगी ठरेल. मोल्सवर्थ यांच्या 1831 च्या कोशापासून आपल्याकडे मराठी शब्दांची भरलेली कोठारे आहेत. घुम्या, लाघवी, हेकट, मानी, चेंगट, आतल्या गाठीचा: यांतून आपल्या मोजपट्ट्या घडवता येतील. हा त्या गृहस्थांच्या मुद्द्याचा योग्य शेवट झाला असता.

त्यांचा स्वतःचा शेवट वेगळा होता. आपल्याकडे सत्त्व-रज-तम आहेच, मग हे कशाला, असे ते म्हणाले. पण त्रिगुणांनाही आपण शिक्के करून टाकले आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायातला दहावा श्लोक काय सांगतो? कधी सत्त्व इतर दोघांना दाबून वर येते, कधी रज, कधी तम. एकाच माणसात. 'हा तामसी' म्हणून माणसाला बाजूला काढायला तिथे आधार नाही.

आणि माणसाला प्रकारात घालण्याची किंमत काय असते, हे याच देशाने पाहिले आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड 'सिद्ध' करू पाहिली. आकडे खरे होते, मोजपट्टी खरी होती. अर्थ आधीच ठरलेला होता. त्याआधी 1871 च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि 1952 मध्ये विमुक्त झाल्यावरही तो डाग त्यांच्या नातवंडांना पुसता आलेला नाही. गोव्यात पोर्तुगीज राज्य होते, तो कायदा इथे नव्हता. पण आपल्यालाही एक शब्द चिकटलेला आहेच: सुशेगाद. गोंयकार म्हणजे निवांत, कामाची घाई नसलेला. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध फुटला की रात्री कमरेएवढ्या चिखलात उतरणाऱ्या माणसांना हा शब्द लावून पाहा. इथे मात्र मोजमाप आपल्या बाजूने उभे राहते. 2005 मध्ये 49 संस्कृतींतल्या लोकांना आपापल्या देशातल्या ठराविक माणसाचा स्वभाव विचारला गेला आणि तो प्रत्यक्ष मोजलेल्या सरासरीशी ताडला गेला. लोकांचे आपसात एकमत होते, पण त्या एकमताचा मोजलेल्या स्वभावाशी मेळ बसला नाही. जो म्हणतो माणूस मोजताच येत नाही, त्याने हे लक्षात घ्यावे: मोजलेच नाही, तर 'सुशेगाद' खोटे ठरवायचे कशाने?

जिथे निवड करावीच लागते, तिथे कशी करावी याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड पाच दिवस चालते. चित्रांवरून गोष्टी, शब्दांवरून वाक्ये हे सगळे मानसशास्त्रज्ञ पाहतो. पण मैदानावरची कामे दुसरा अधिकारी पाहतो आणि मुलाखत तिसरा घेतो. तिघे आपापले मत वेगळे बनवतात आणि शेवटी एकत्र बसतात. त्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. पण तिथली अंतिम निवड वीस मिनिटांत भरलेल्या एका कागदावरून होत नाही.

म्हणून सभेत मी शेवटी एवढेच मागितले. चाचणी घ्यायची तर घ्या, पण निकालात प्रकाराचे नाव नको. पट्टीवरची जागा द्या आणि ती किती मागे-पुढे असू शकते तेही छापा. अहवालावर तारीख घाला. तो मुलाच्या हाती द्या, शाळेच्या कपाटात ठेवू नका. शाखा निवडताना त्याला प्रवेशाची अट करू नका. दोघा-तिघांनी माना हलवल्या. ठराव पुढच्या सभेवर गेला.

बाहेर फाटकापाशी ती मुलगी आईची वाट पाहत उभी होती. मी तिला विचारले, "प्रश्नांची उत्तरे लिहिताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण होते?"

"वर्ग, टीचर. मला वर्गात उभे राहून बोलायला येत नाही."

"आणि रविवारी काय करतेस?"

"बाबांच्या दुकानात बसते. गल्ल्यावर." मग थोडे थांबून म्हणाली, "तिथे मला काही वाटत नाही. पण तिथले त्यांनी विचारलेच नव्हते."